कार्यालयातील सर्व्हर, लॉगिन आणि प्रिंटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही उत्तरे कोणत्या कार्यालयांना लागू पडतात?

ज्या कार्यालयात साधारण ५ ते २५ संगणक आहेत, एक विंडोज सर्व्हर आहे, त्यावर डोमेन (सर्व संगणक आणि वापरकर्त्यांची खाती एकत्र सांभाळणारी व्यवस्था) तयार केलेले आहे आणि एक-दोन प्रिंटर सगळ्यांनी मिळून वापरायचे आहेत, अशा ठिकाणासाठी ही उत्तरे लिहिली आहेत. सनदी लेखापालांचे कार्यालय, पतसंस्थेची शाखा, वकिलांची फर्म, शाळेचे कार्यालय अशा ठिकाणी पूर्णवेळ संगणक अभियंता नसतो आणि त्याचे काम बहुधा एखाद्या लेखापालाकडे किंवा वरिष्ठ लिपिकाकडे आलेले असते. तो सहकारी डोळ्यांसमोर ठेवून येथे कारणे सविस्तर सांगितली आहेत, कारण कारण कळल्याशिवाय केलेला उपाय चार दिवसांनी पुन्हा करावा लागतो.

लॉगिन आणि प्रिंट या दोन वेगळ्या तक्रारी एकाच पानावर का घेतल्या आहेत?

कारण त्यांचे मूळ बहुतेक वेळा एकच असते. वापरकर्त्याची ओळख पटवणे आणि प्रिंटची रांग सांभाळणे ही दोन्ही कामे सर्व्हर करतो. संगणकाला सर्व्हर सापडला नाही, किंवा सापडूनही त्याने ओळख मान्य केली नाही, तर सकाळी लॉगिन अडते आणि दुपारी प्रिंट अडते.

तक्रार आल्यावर सर्वांत आधी काय पाहावे?

दोन चाचण्या कराव्यात. ज्याचे लॉगिन होत नाही त्याला शेजारच्या संगणकावर लॉगिन करायला सांगावे आणि शेजारच्याला त्याच्या संगणकावर बसवावे. तक्रार माणसामागे गेली तर दोष खात्यात आहे, संगणकावरच राहिली तर दोष त्या संगणकात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे, आणि सगळ्यांचीच अडचण असेल तर सर्व्हर किंवा स्विच (संगणकांच्या नेटवर्क केबल जिथे एकत्र जोडल्या जातात ती पेटी) तपासावा. प्रिंटच्या तक्रारीतही हीच रीत वापरावी. पडद्यावर आलेल्या संदेशाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा, कारण ‘काहीतरी एरर आला होता’ एवढ्या माहितीवर कोणालाही निदान करता येत नाही. हे होण्याआधी विंडोज पुन्हा टाकण्याचा निर्णय कोणीही घेऊ नये.

पासवर्ड बरोबर असूनही तो चुकीचा असल्याचे का दाखवले जाते?

मराठीत काम करणाऱ्या कार्यालयात यामागचे एक ठरलेले कारण कीबोर्डची भाषा हे असते. संगणकावर मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड बसवताना तीच भाषा लॉगिनच्या पडद्यालाही लागू केली गेली असेल, तर वापरकर्ता सवयीने इंग्रजी अक्षरे दाबतो आणि चौकटीत देवनागरी अक्षरे जातात. पडद्यावर केवळ ठिपके दिसत असल्यामुळे हे लक्षात येत नाही. पासवर्डच्या चौकटीच्या उजव्या टोकाला असलेले डोळ्याचे चिन्ह दाबून धरले की टाइप झालेले अक्षर दिसते. भाषा बदलण्यासाठी पडद्याच्या उजव्या कोपऱ्यातील खूण किंवा विंडोज आणि स्पेस ही कळांची जोडी वापरता येते. यानंतर कॅप्स लॉक आणि नम लॉक पाहावे.

दुसरे कारण म्हणजे भलतेच खाते. चौकटीखाली डोमेनचे नाव दिसते की संगणकाचे स्वतःचे नाव, हे वाचावे. तिथे संगणकाचे नाव असेल, तर सर्व्हरवरचा पासवर्ड कितीही अचूक टाइप केला तरी तो चालणार नाही. तिसरी शक्यता मुदतीची आहे: डोमेनच्या मूळ धोरणात पासवर्डची कमाल मुदत ४२ दिवस असते आणि बऱ्याच कार्यालयांत ती कोणी कधीच बदललेली नसते.

एकाच व्यक्तीचे खाते पुन्हा पुन्हा लॉक होते. ते किती वेळा उघडून द्यावे?

एकदा उघडून द्यावे आणि लगेच कारण शोधावे. पासवर्ड नुकताच बदलला असेल, तर जुना पासवर्ड कोठेतरी साठवलेला असतो आणि तिथून तो आपोआप पाठवला जात राहतो: मोबाइलवरचे ईमेल, क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये जपलेली नोंद, ठरावीक वेळी चालणारा बॅकअप, किंवा स्कॅन केलेली फाइल सर्व्हरवर टाकणारे झेरॉक्स यंत्र. सर्व्हरच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिक्युरिटी या भागात ४७४० क्रमांकाची नोंद शोधावी. ते खाते कोणत्या संगणकावरून लॉक झाले, याचे नाव बहुतेक वेळा त्या नोंदीतच मिळते.

घड्याळ चुकल्यामुळे लॉगिन बंद पडू शकते का?

होय, आणि हे कारण सर्वांत उशिरा तपासले जाते. डोमेनमध्ये ओळख पटवण्यासाठी केर्बेरॉस नावाची पद्धत वापरली जाते. तिच्यात प्रत्येक परवान्यावर वेळेचा शिक्का असतो, आणि संगणक व सर्व्हर यांच्या वेळेत ५ मिनिटांहून अधिक फरक पडला की मूळ धोरणानुसार तो परवाना नाकारला जातो. जुन्या संगणकाच्या मदरबोर्डवरील सीआर २०३२ ही बटणाएवढी बॅटरी संपली की वीज गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. सोमवारी सकाळीच एखाद्या संगणकावर लॉगिन अडत असेल आणि चालू होताना तो तारीख विचारत असेल, तर आधी ती बॅटरी बदलावी.

याहून फसवी चूक टाइम झोनची असते. नव्या विंडोजवर झोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा राहून गेला आणि कोणीतरी घड्याळाचे आकडे हाताने जुळवून दिले, तर पडद्यावरची वेळ अगदी बरोबर दिसते. केर्बेरॉस मात्र जागतिक वेळ मोजतो, त्यामुळे त्याच्या हिशेबात तो संगणक ऋतुमानानुसार साडेबारा किंवा साडेतेरा तास चुकलेला असतो. म्हणून आकडे तपासताना झोन ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ हाच आहे, हेही पाहावे.

संगणकांनी वेळ सर्व्हरकडून घ्यावी आणि सर्व्हरने ती बाहेरच्या विश्वासार्ह स्रोताकडून घ्यावी, अशी रचना असते. भारतीय प्रमाणवेळ नवी दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा राखते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत याच प्रयोगशाळेच्या किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या टाइम सर्व्हरशी, अथवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी, घड्याळे जुळवण्यास सांगितले आहे.

इंटरनेट उत्तम चालते, तरीही डोमेनमध्ये लॉगिन का होत नाही?

या प्रश्नाचे उत्तर नीट समजून घ्यावे, कारण लहान कार्यालयांतील निम्म्याहून अधिक गोंधळ येथूनच सुरू होतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

संगणकाला सर्व्हरचा पत्ता पाठ नसतो. तो दर वेळी डीएनएसला, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेला, विचारतो की या डोमेनची ओळख पटवणारा सर्व्हर कोणता, आणि या प्रश्नाचे उत्तर फक्त कार्यालयातील सर्व्हरवरच्या डीएनएसला ठाऊक असते. इंटरनेट कंपनीचा तंत्रज्ञ नवा राउटर बसवून जातो. तो राउटर स्वतःच सर्व संगणकांना आयपी पत्ते वाटू लागतो आणि त्यासोबत डीएनएस म्हणून स्वतःचा किंवा कंपनीचा पत्ता देतो. आता संगणक कार्यालयाच्या डोमेनची चौकशी बाहेरच्या जगाकडे करतो आणि असे डोमेन अस्तित्वातच नाही, हे उत्तर त्याला मिळते. संकेतस्थळे मात्र व्यवस्थित उघडतात, त्यामुळे नेटवर्क ठीक आहे असा सगळ्यांचा समज होतो.

उपाय असा की संगणकांना पत्ते वाटण्याचे काम, म्हणजे डीएचसीपी, एकाच ठिकाणी ठेवावे. ते सर्व्हरवर असणे उत्तम. राउटरवरच ठेवायचे असेल, तर त्यातील डीएनएसच्या रकान्यात फक्त सर्व्हरचा पत्ता लिहावा. दुसऱ्या रकान्यात गूगलचा चार आठांचा पत्ता ‘असू द्यावा, उपयोगी पडेल’ म्हणून लिहिण्याचा मोह टाळावा. सर्व्हरने क्षणभर उत्तर दिले नाही की विंडोज दुसऱ्या पत्त्याकडे वळते आणि बराच वेळ तिथेच विचारत राहते. मग लॉगिन कधी होते, कधी होत नाही, आणि कारण सापडत नाही. बाहेरची संकेतस्थळे शोधण्यासाठी लागणारे पत्ते सर्व्हरच्या डीएनएसमध्ये फॉरवर्डर (ज्यांच्याकडे सर्व्हर बाहेरची चौकशी पुढे पाठवतो) म्हणून नोंदवावेत.

तपासताना संगणकाचा आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्याला पत्ता देणारे कोणीच भेटलेले नाही, असा अर्थ होतो. अशा वेळी डीएनएसचा विचार नंतर करावा. आधी केबलची क्लिप तुटली आहे का आणि स्विचवरचा त्या पोर्टचा दिवा लागतो का, हे पाहावे.

सर्व्हर बंद असताना काही जणांचे लॉगिन झाले. हे कसे शक्य आहे?

विंडोज अलीकडे लॉगिन केलेल्या वापरकर्त्यांची ओळख संगणकावर जपून ठेवते. मूळ धोरणानुसार ही संख्या १० असते. त्यामुळे नेहमीच्या जागेवर बसणाऱ्याचे लॉगिन होते, पण सामायिक फोल्डर उघडत नाही आणि प्रिंटही निघत नाही. पहिल्यांदाच त्या संगणकावर बसणाऱ्याला मात्र प्रवेश मिळत नाही.

‘या संगणकाचा डोमेनशी असलेला विश्वासाचा संबंध तुटला आहे’ अशा अर्थाचा संदेश आला तर काय करावे?

माणसाप्रमाणे संगणकाचेही डोमेनमध्ये खाते असते आणि त्याचा पासवर्ड संगणक स्वतःच साधारण दर ३० दिवसांनी बदलतो. संगणक जुन्या बॅकअपवरून किंवा रिस्टोअर पॉइंटवरून मागे नेला, तर त्याच्याकडे जुना पासवर्ड राहतो आणि सर्व्हरकडे नवा असतो. एकच नाव दोन संगणकांना दिल्यासही हाच संदेश येतो.

त्या संगणकावरच्या स्थानिक ॲडमिनिस्ट्रेटर खात्याने आत जावे आणि पॉवरशेल या विंडोजच्या आज्ञा देण्याच्या खिडकीत ‘टेस्ट कॉम्प्युटर सिक्युअर चॅनल’ ही आज्ञा ‘रिपेअर’ या पर्यायासह, डोमेनच्या ॲडमिनिस्ट्रेटरचे नाव देऊन चालवावी. तेवढ्याने संबंध जुळला नाही, तर संगणक डोमेनमधून काढून पुन्हा जोडावा. डोमेनमधून काढण्यापूर्वी स्थानिक खात्याचा पासवर्ड खरोखर चालतो का, याची खात्री करून घ्यावी. तो ठाऊक नसेल, तर संगणक पुन्हा सुरू झाल्यावर आत जाण्याची वाट उरत नाही.

लॉगिन झाले, पण डेस्कटॉप रिकामा आहे आणि सगळ्या फाइली गेल्या आहेत. आता काय?

फाइली बहुधा जागच्या जागी असतात. विंडोजला वापरकर्त्याचे प्रोफाइल उघडता आले नाही की ती तात्पुरते प्रोफाइल देते आणि साइन आउट करताच ते पुसून टाकते. म्हणून अशा डेस्कटॉपवर एकही फाइल जतन करू नये. आधी संगणक एकदा रिस्टार्ट करावा. नंतर सी ड्राइव्हवरील यूजर्स फोल्डरमध्ये त्या व्यक्तीच्या नावाचे फोल्डर पाहून त्याची प्रत दुसरीकडे घ्यावी. तरीही तात्पुरतेच प्रोफाइल येत राहिले, तर रजिस्ट्रीतील (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या साठ्यातील) प्रोफाइल लिस्ट या भागात त्या व्यक्तीची नोंद ‘बॅक’ या शेपटासह दुसऱ्यांदा तयार झालेली असते. ती दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी.

लॉगिनला पाच-सात मिनिटे लागतात. संगणक बदलावा का?

आधी नको. डीएनएस चुकीचा असणे, अस्तित्वात नसलेल्या सर्व्हरचा ड्राइव्ह जोडलेला राहणे, किंवा काढून टाकलेल्या प्रिंटरची नोंद प्रत्येक लॉगिनला शोधली जाणे, ही कारणे तपासावीत. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवल्यानेही फार फरक पडतो, पण नेटवर्कवरची वाट पाहणे तिने कमी होत नाही.

प्रिंटर चालू आहे, त्याचा दिवाही लागला आहे, तरी संगणक त्याला ‘ऑफलाइन’ का म्हणतो?

बहुतेक वेळा प्रिंटरचा आयपी पत्ता बदललेला असतो. राउटर किंवा वीज बंद-चालू झाल्यावर प्रिंटरला नवा पत्ता मिळतो आणि सर्व्हर जुन्याच पत्त्यावर प्रिंट पाठवत राहतो. प्रिंटरच्या पॅनेलवरून कॉन्फिगरेशनचे पान छापून घ्यावे, त्यावरचा पत्ता सर्व्हरवरच्या पोर्टशी (प्रिंट कुठे पाठवायची याच्या नोंदीशी) ताडून पाहावा आणि डीएचसीपीमध्ये तो पत्ता त्या प्रिंटरसाठी कायमचा राखून ठेवावा.

पत्ता बरोबर असेल, तर पोर्टचा प्रकार पाहावा. विंडोज प्रिंटर आपोआप शोधते तेव्हा अनेकदा डब्ल्यूएसडी प्रकारचे पोर्ट तयार करते आणि ते काही दिवसांनी दगा देते. सामायिक प्रिंटरसाठी स्टँडर्ड टीसीपी-आयपी पोर्टच बनवावे. त्याच पोर्टच्या सेटिंगमध्ये एसएनएमपी स्टेटसची, म्हणजे प्रिंटरकडे त्याच्या स्थितीची चौकशी करण्याची, चौकट असते. प्रिंटर त्या चौकशीला उत्तर देत नसेल, तर प्रत्यक्षात तयार असूनही तो ऑफलाइन दिसतो. ती खूण काढली की अडचण संपते.

एक प्रिंट रांगेत अडकली आहे. ती रद्दही होत नाही आणि मागच्याही निघत नाहीत.

सर्व्हरवर सर्व्हिसेसच्या यादीत प्रिंट स्पूलर ही प्रिंटची रांग सांभाळणारी सेवा थांबवावी. विंडोजच्या सिस्टम ३२ फोल्डरमध्ये स्पूल आणि त्याच्या आत प्रिंटर्स नावाचे फोल्डर असते. त्यातील फाइली काढून टाकाव्यात. ते प्रिंटर्स फोल्डर मात्र काढू नये. मग सेवा पुन्हा सुरू करावी. यात सगळ्यांच्या, सगळ्या प्रिंटरवरच्या रांगा रिकाम्या होतात, म्हणून आधी सहकाऱ्यांना कळवावे. तीच फाइल दर वेळी अडकत असेल, तर दोष त्या फाइलमध्ये किंवा ड्रायव्हरमध्ये आहे.

विंडोजच्या अपडेटनंतर सामायिक प्रिंटर जोडता येत नाही आणि ‘११बी’ने संपणारा एरर येतो. काय करावे?

मायक्रोसॉफ्टने सप्टेंबर २०२१ च्या अपडेटपासून प्रिंट सर्व्हरशी होणारा संवाद अधिक सुरक्षित असण्याची सक्ती केली. सर्व्हर आणि संगणक यांपैकी एकालाच अपडेट मिळालेले असेल, तर हा एरर येतो. दोन्हींकडची सर्व अपडेट पूर्ण करणे हा योग्य उपाय आहे. ही सक्ती रजिस्ट्रीतून बंद करण्याची युक्ती सर्रास सांगितली जाते, पण जिथे लोकांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील ठेवलेले आहेत, तिथे ती करू नये, असे मी आग्रहाने सांगतो. त्याच वर्षी जुलैमध्ये प्रिंट नाइटमेअर या नावाने उघड झालेला दोष स्पूलरमधलाच होता आणि त्यातून परक्याला संगणकाचा संपूर्ण ताबा मिळू शकत होता.

त्याच दोषानंतर, ऑगस्ट २०२१ पासून, प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यासाठी ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार लागतो. त्यामुळे साध्या वापरकर्त्याला प्रिंटर जोडताना पासवर्ड विचारला गेला, तर तो बिघाड मानू नये. ड्रायव्हर प्रत्येक संगणकावर एकदा अधिकाराने बसवून द्यावा.

प्रिंट भलत्याच प्रिंटरवर का जाते?

सेटिंगमध्ये ‘मुख्य प्रिंटर विंडोजने ठरवावा’ हा पर्याय चालू असतो, त्यामुळे त्या ठिकाणी शेवटी वापरलेला प्रिंटर मुख्य ठरतो. तो पर्याय बंद करून हवा तो प्रिंटर स्वतः ठरवावा.

मराठी मजकूर एका संगणकावरून नीट छापला जातो आणि दुसऱ्यावरून बिघडतो, असे का?

यात तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. मजकूर श्रीलिपी किंवा आयएसएमच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये असेल, तर फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरांचे संकेत असतात. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्यामुळे अर्थहीन इंग्रजी अक्षरे दिसतात आणि छापलीही तीच जातात. तिथे तो फॉन्ट बसवणे किंवा फाइल पीडीएफ करून पाठवणे एवढाच मार्ग आहे. नवे काम मात्र युनिकोडमध्येच करावे.

दुसरी गोष्ट पानांची. ठराव किंवा अहवाल मंगल फॉन्टमध्ये आठ पानांत बसलेला असतो आणि नव्या संगणकावर तोच नऊ पानांचा होतो. सहीची ओळ एकटीच शेवटच्या पानावर जाते. विंडोज १० पासून मंगल हा फॉन्ट सर्व संगणकांवर आपोआप येत नाही आणि त्याच्या जागी निर्मला वापरला जातो, ज्याची मापे वेगळी आहेत. सेटिंगमधील ऑप्शनल फीचर्स या यादीतून देवनागरीचे पूरक फॉन्ट बसवले की पाने पूर्ववत होतात.

तिसरी गोष्ट: पडद्यावर मजकूर अचूक आहे, पण कागदावर जोडाक्षरे फुटतात किंवा वेलांटी सरकते. येथे प्रिंटरचा ड्रायव्हर फॉन्ट नीट पाठवत नाही. ॲक्रोबॅट रीडरमध्ये ‘प्रिंट ॲज इमेज’ हा पर्याय निवडावा, किंवा पीसीएलऐवजी पोस्टस्क्रिप्टचा (या प्रिंटरला पान समजावण्याच्या दोन भाषा आहेत) ड्रायव्हर बसवून पाहावा.

डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर पावती दर वेळी खाली सरकत जाते.

कागदाचे माप चुकले आहे. सर्व्हरवर प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीजमध्ये फॉर्म या भागात पावतीची लांबी-रुंदी मोजून नवा फॉर्म तयार करावा आणि प्रिंटरला तोच द्यावा. ए४ वर सोडल्यास प्रत्येक पावतीला तो ए४ ची लांबी मोजतो आणि फरक साठत जातो.

वीज गेली आणि परत आली की सगळेच बंद पडते. क्रम कोणता ठेवावा?

आधी स्विच आणि राउटर, मग सर्व्हर, आणि सर्व्हर पूर्ण सुरू झाल्यानंतर संगणक व प्रिंटर. सर्व्हर नेटवर्कच्या आधी सुरू झाला, तर काही वेळा तो स्वतःच्या नेटवर्कला ‘पब्लिक’ समजतो आणि त्याची फायरवॉल लॉगिन व प्रिंट दोन्ही अडवते. नेटवर्क अडॅप्टर एकदा बंद करून पुन्हा सुरू केला की ते सहसा सुधारते. सर्व्हर, स्विच आणि राउटर यूपीएसवर असावेत, पण लेझर प्रिंटर त्यावर कधीही जोडू नये. त्याचा फ्यूजर गरम होताना एकदम एवढी वीज ओढतो की यूपीएस बंद पडून सर्व्हरही बंद होऊ शकतो.

पावसाळ्यात कागद वारंवार का अडकतो?

दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि वाकतो. कोकणात आणि मुंबईत जुलै-ऑगस्टमध्ये रिम वेष्टणातच ठेवावे आणि ट्रेमध्ये एका दिवसापुरताच कागद घालावा.

नवा विंडोज ११ संगणक घेतल्यापासून त्याच्या फोल्डरमध्ये स्कॅन येत नाहीत.

जुनी झेरॉक्स यंत्रे फाइल पाठवण्यासाठी एसएमबी या नेटवर्कवरील फाइल देवाणघेवाणीच्या पद्धतीची पहिली आवृत्ती वापरतात आणि ती २०१७ पासून नव्या विंडोजमध्ये मुळात बसवलेलीच नसते. यंत्राचे फर्मवेअर अपडेट करून पाहावे, आणि ते शक्य नसेल तर स्कॅन ईमेलने पाठवावे. जुनी आवृत्ती पुन्हा चालू करणे धोक्याचे आहे.

दर वेळी अडू नये म्हणून ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड सगळ्यांना देऊन ठेवला तर?

देऊ नये. एकाने उघडलेली, ईमेलने आलेली एक खोटी पावती (म्हणजे तिच्यात लपलेला व्हायरस) सर्व्हरवरच्या सगळ्या फाइली कुलूपबंद करू शकते, आणि ते घडण्यासाठी तेवढा अधिकारच पुरेसा असतो. दोन जबाबदार व्यक्तींकडे तो असावा, आणि त्यांनीही रोजच्या कामासाठी साधे खातेच वापरावे.

बाहेरच्या तंत्रज्ञाला बोलावण्यापूर्वी काय तयार ठेवावे?

एरर संदेशाचे फोटो, त्रास कधीपासून सुरू झाला आणि त्याआधी काय बदलले याची नोंद, तसेच सर्व्हर, राउटर व प्रत्येक प्रिंटर यांचे आयपी पत्ते. विंडोजच्या आवृत्त्याही लिहून ठेवाव्यात, कारण विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी आणि विंडोज सर्व्हर २०१२ आर२ चा १० ऑक्टोबर २०२३ रोजी संपला आहे, आणि होम आवृत्तीचा संगणक तर डोमेनला जोडताच येत नाही. डोमेनच्या ॲडमिनिस्ट्रेटरचा आणि सर्व्हर दुरुस्त करताना लागणारा डिरेक्टरी रिस्टोअरचा, असे दोन्ही पासवर्ड बंद लिफाफ्यात, कार्यालयाच्या कपाटात असावेत. तंत्रज्ञाचे काम संपल्यावर पहिला पासवर्ड त्याच दिवशी बदलून लिफाफ्यातला कागदही बदलावा.